भिंतीवरचा कोरा चौक

इंग्लंडमधल्या या शहराचं नाव सांगत नाही. मला इथेच राहायचंय. यमुनाबाई तलासरीकडच्या वारली. मुलगा राज लंडनजवळच्या ब्रॅकनेलला आयटीत, आठवडाभर तिकडेच, आणि ही बाई इथे एकटी. आमच्या मराठी मंडळाला वारली चित्रांचे कप, पडदे, उशांचे अभ्रे सगळं चालतं. यमुनाबाईंना मात्र हळदीकुंकवाला कधी कोणी बोलावलं नाही. विधवा आहेत म्हणून, असं आमच्यात म्हणायचे. तेवढंच कारण असतं तर बरं झालं असतं.

शेजारचा कीथ त्यांच्या दारातल्या टपालाच्या फटीतून कुत्र्याची घाण आत टाकायचा. त्यांनी त्याला टाकताना पाहिलं होतं. त्या पोलिसांत तक्रार द्यायच्या, दुभाषी म्हणून मी बरोबर जायचे. दर वेळी तेच गोड हसू आणि तेच उत्तर, पुरावा नाही. घरी कोणी फिरकलं नाही. आपलं म्हणणं कोणीतरी मनावर घ्यावं आणि त्या माणसाला थांबवावं, एवढंच बाईंचं मागणं होतं.

मग पोलिसांनाच त्यांची गरज पडली. खात्याने नवी मूल्यं ठरवली होती: आदर, धैर्य, न्याय. ती ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर म्हणे आदिवासी प्रतीकांतून झळकायला हवी होती. सार्जंट नीना इथेच जन्मलेली मराठी मुलगी. ती स्वतः घरी आली. चित्रासाठी पत्ता बरोब्बर सापडला.

“आजी, तुमचा चित्र आमच्या वॉलवर पाहिजे. कम्युनिटीसाठी.”

“आणि कीथचं काय?”

“ते पण बघू. प्रॉमिस.”

यमुनाबाई खुलल्या. “ज्यांची भिंत आपण सजवली, ती माणसं आपल्याला परकं नाही करायची,” मला म्हणाल्या. केवढा हा भाबडेपणा! मला त्यांचाच राग आला.

त्यांनी भिंतीला गेरू दिला आणि तांदळाच्या पिठाने गाव उभं केलं. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं, भाताची खाचरं. मधला चौक मात्र कोरा ठेवला. “तिथं पालघट देवी, आमच्या लग्नचौकातली. ती सवाशिणींनी काढायची, मी नाही. तिची जागा तेवढी राखलीय.” हे मी नीनाला नीट समजावलं. तिने मान डोलावली.

उद्घाटनाला पडदा सरकला. चौकात पोलीस खात्याचं बोधचिन्ह, चकचकीत निळ्या ऑइलपेंटमध्ये. रिकामं बरं दिसत नव्हतं म्हणे. यमुनाबाईंनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. मग ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी गल्लीवर नजर ठेवणाऱ्या स्वयंसेवकांचा प्रमुख म्हणून कीथला पुढे बोलावलं, आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवायला लावून फोटोला उभं केलं. कीथ हसला. सगळ्यात जोरात टाळ्या पिटल्या त्या आमच्या मंडळाच्या अध्यक्षांनी, दीनानाथकाकांनी.

“नीना, हाच तो,” यमुनाबाई म्हणाल्या.

“आजी, प्लीज, आज नको. आज हॅपी डे आहे.”

बाईंनी टेबलावरचा पाण्याचा जग उचलला, भिंतीवर रिकामा केला आणि त्या पदराने खसाखसा पुसायला लागल्या. तांदळाचं पीठच ते. फेर गेला, तारपा गेला, खाचरं गेली, सगळं गाव ओघळून फरशीवर आलं. ऑइलपेंटला काहीसुद्धा झालं नाही. लाल चिखलात बोधचिन्ह तेवढं शिल्लक राहिलं.

या वेळी पोलीस ताबडतोब आले. सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून बाईंना अटक झाली आणि गेरूने माखलेल्या हातांनिशी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. नियमाप्रमाणे दुभाषी म्हणून मीच शेजारी. बाहेर दीनानाथकाका साहेबांची माफी मागत होते, आमच्यात असे लोक नसतात म्हणून.

नीनाने कॉम्प्युटर उघडला. ती नजरेला नजर देत नव्हती. “आजी, तुमची पत्ता सांगा.”

“तक्रारीवर आहे,” यमुनाबाई म्हणाल्या. “दर वेळी दिलाय. आता तरी काढून वाच.”