धुतलेली कोथिंबीर

सातवीत शाळा सुटलेल्या लातूरकडच्या मुलीला महाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत कोण नोकरी देणार? पण मिळाली. खाण्याच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काचेची भांडी आणि आलेले नमुने धुवायचे. ती नोकरी जाईल या भीतीनं मी साहेबांना कधी उलट बोलले नव्हते.

राहायला एका बाईची पडवी मिळाली; सगळे तिला चाची म्हणायचे. चाची नाल्याकाठी कोथिंबीर, पुदिना लावायची. मला ताप भरला तेव्हा या परक्या बाईनं मला पेज भरवली होती.

तिच्या नाल्याला कारखान्यांच्या मागून पाणी यायचं. कधी लालसर, कधी फेसाळ. तिकडच्या सगळ्या बाया जुड्या मुळांसकट त्यातच बुचकळायच्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायच्या. बाजार होईपर्यंत पानं ताठ राहतात.

मग मुंबईचा एक व्यापारी आला. पानं वाळवून मसाल्यात घालणार होता, पण आधी पानांत शिसं आहे का, ते आमच्या प्रयोगशाळेतून तपासून हवं म्हणाला. चाची हरखली. "आता उन्हात बाजारात बसाया नको गो!"

तिची जुडी माझ्याच हातात आली. साहेब म्हणाले, "मुळं काप. डिस्टिल्ड वॉटरनं धू, पाणी नितळ होईपर्यंत."

पहिल्या पाण्यात करडा गाळ निघाला. मी भीतभीत म्हटलं, "साहेब, खाणारे कुठं एवढं धुतात?"

"पद्धत आहे ती. पानाच्या आत काय आहे, ते बघायचं."

कोथिंबीर पास झाली. चाचीनं माझ्याजवळ ताजी जुडी दिली. "सायबाला दे. म्हणावं, चटणी करून खा."

साहेबांनी हसून घेतली. संध्याकाळी फाटकावर त्यांनी तीच जुडी वॉचमनच्या हातात दिली. "घे, बायकोला दे."

"साहेब, पास झाली ना ती?" मी विचारलं.

"झाली की. पण मी इथलं काही घरी नेत नाही."

किती सहज बोलला तो माणूस! त्याच्या घरात नको, वॉचमनच्या घरात चालेल. माझं डोकंच फिरलं. मी वॉचमनच्या हातातून जुडी ओढली. "अगो, येडी झालीस काय?" तो ओरडला.

"ही न धुता तपासा," मी साहेबांना म्हटलं. आवाज चढला होता.

"कुणी मागितलंय? विचारलं तेवढंच सांगायचं. आणि तू तुझं काम बघ."

घरी येऊन चाचीला सगळं सांगितलं. ती माझ्यावरच भडकली. "माजी कोथमीर इखारी? तीच खाऊन उभी राह्यलीस ना गो?"

"चाची, मी कोथिंबिरीला नाही, नाल्याला म्हणते. त्यात बुचकळू नका."

"मग कुठं बुचकळू? नळाला तेवढं पानी हाय? सायब येनार हाय हंडा घेऊन?"

 मी ताट तसंच झाकून ठेवलं. मला जगवणाऱ्या बाईला मी दुखावलं होतं, आणि ज्यांनी नाला नासवला ते कुठंतरी स्वच्छ पाण्यानं हात धुऊन जेवत होते.

सकाळी चाचीनं मला हलवून उठवलं. तोंड फुगलेलंच. रिकामा हंडा माझ्या मांडीवर आदळला.

"उठ. नळावर नंबर लाव. तुज्याच सायबान शिकवलान ना तुला धुवाया?"

मी हंडा उचलला. रांगेत पुढच्या बाईनं विचारलं, "एवढं पानी कशाला गो?" मी म्हटलं, "कोथिंबिरीला." सगळ्या हसल्या. मी हसले नाही.