मान डोलावली की चिमटा

लाँड्रीतल्या मावशींची मान फार गुणी होती. समोरचा बोलायला लागला की ती आपोआप डोलायची. सासूबाईंपुढे डोलली, नवऱ्यापुढे डोलली, थोरल्या जावेपुढे तर जरा जास्तच डोलली, आणि त्या डोलण्यावर तीस वर्षांचा संसार भांड्याला भांडं न लागता पार पडला. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत नोकरीला लागल्या तेव्हा ही मान घेऊनच त्या आल्या. बावीस वर्षं निभावलंही. फोन उचलायला इन्चार्ज होते ना! मावशींनी चादरी धुवायच्या, रोलरच्या इस्त्रीत घालायच्या, वॉर्डाप्रमाणे ट्रॉल्या लावायच्या. डाग बघून त्या सांगायच्या, हा औषधाचा की रक्ताचा आणि कुठल्या पाण्यात निघेल. या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मग इन्चार्ज रिटायर झाले आणि दाराशेजारच्या भिंतीवरचा फोन मावशींच्या गळ्यात पडला. डॉक्टर आणि सिस्टर दहा ठिकाणांहून आलेले, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं इंग्रजीत. मॅनेजरसाहेब म्हणाले, महिनाभर बघू. फोन सांभाळता आला तर इन्चार्ज तुम्हीच, नाही तर बाहेरून माणूस आणू. म्हणजे ज्याला चादरीची उलटी-सुलटी कळणार नाही अशा कुणाच्या तरी हाताखाली बावीस वर्षांनी पुन्हा पहिल्यापासून! मावशींना रात्रभर झोप नाही.

पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. वरच्या मजल्यावरच्या सिस्टरचा फोन आला. ती घडाघडा बोलली, मावशींनी मान डोलवत चारदा 'येस सिस्टर' म्हटलं आणि हाताला लागले ते वीस उशांचे अभ्रे वर पाठवून दिले. सिस्टरला हवी होती ब्लँकेटं. नुकतंच ऑपरेशन झालेला एक म्हातारा दुपारपर्यंत कुडकुडत राहिला. मावशींनी स्वतः ब्लँकेट वर नेलं, त्याच्या पायांवर घातलं, आणि जिन्यात बसून रडल्या. खोटं कशाला सांगायचं, इन्चार्जपद गेलं तर बरंच, असंही त्या क्षणी त्यांना वाटलं.

तिथंच त्यांना ऑपरेटरबाई भेटल्या. चौतीस वर्षं तळमजल्यावरच्या खोलीत बसून या बाईंनी हॉस्पिटलचे फोन जोडले होते. आता फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं होतं आणि महिनाअखेरीला बाई घरी जाणार होत्या. मावशींचा 'येस' त्यांनीच जोडून दिलेला, त्यामुळे कानावरही पडलेला. त्या शेजारी पायरीवर बसल्या.

"मावशी, चारदा येस म्हणालात. कळलं काय होतं?"

"काहीच नाही, बाई."

"मग कुणासाठी मान डोलवत होतात? फोनमधून ती दिसत नाही हो."

ओरडल्या नाहीत, उपदेश केला नाही. उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत खाली येते, एवढंच म्हणाल्या.

आणि आल्या! येताना वही नाही, पुस्तक नाही. लाँड्रीत आल्या आणि दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या. एकीवर मावशी, दुसरीवर फाटके कपडे शिवणारे टेलरमास्तर. मास्तरांचं इंग्रजीही तसं यथातथाच, पण हौस दांडगी. खेळ असा, की एकाने हातातली वस्तू इंग्रजीत सांगायची, रंग, माप, कुठं फाटलंय, आणि दुसऱ्याने मागे न बघता समोरच्या ढिगातून तसलीच काढायची. कळलं नाही तर थांबवायचं, 'से अगेन, प्लीज' म्हणायचं. कळलं तर ऐकलेलं सगळं आपल्या तोंडाने परत सांगायचं. आणि नुसती मान डोलावली, की बाई पटकन कपडे वाळवायचा चिमटा कॉलरला लावणार.

पहिल्या दिवशी मावशींना अकरा चिमटे लागले. मास्तर म्हणाले, मावशी, आता तुम्हाला दोरीवरच टाकायचं बाकी आहे.

दुसऱ्या आठवड्यात बाई रागीट डॉक्टर झाल्या. नाकातून बोलायच्या, मध्येच फोन आपटायच्या, टेबलावर मूठ मारायच्या. मावशींनी न घाबरता मधेच अडवायचं. हे मात्र फार जड गेलं. मोठ्या माणसाला 'थांबा, मला कळलं नाही' म्हणायचं म्हणजे काय खायचं काम आहे? बाई म्हणायच्या, अहो, न कळणं हा काय गुन्हा आहे, कळल्याचं सोंग केलं की माणूस कुडकुडतो. हे वाक्य मावशींच्या मनात घर करून बसलं.

घरी नवऱ्याची पंचाईत झाली. टॉवेल दे म्हटलं की मावशी विचारणार, कुठला, किती, केव्हा, आणि वर सगळं परत म्हणून दाखवणार. तो बिचारा कपाळाला हात लावून म्हणाला, तीस वर्षं हूं म्हणून ऐकत होतीस तेच बरं होतं. मावशी हसल्या. अंगात थोडं बळ येत होतं, आणि ते त्यांना कळतही होतं.

महिना संपायला चार दिवस होते. सकाळी फोन वाजला. ऑपरेशन विभागाचे मोठे सर्जन, आवाज अगदी बाईंच्या नकलेसारखाच, फक्त हा खरा. ते भराभर बोलून गेले. मावशींची मान हलायला लागलीच होती, ती त्यांनी हाताने धरली. शप्पथ, खरंच हाताने धरली, मास्तरांनी पाहिलंय.

"से अगेन, प्लीज," त्या म्हणाल्या.

पलीकडून डॉक्टर कडाडले. मास्तरांच्या हातातली सुई थांबली. मावशींनी पुन्हा तेच म्हटलं, हळू आणि नम्रपणे. डॉक्टरांनी दात-ओठ खात एकेक शब्द सांगितला आणि मावशींनी एकेक शब्द परत दिला. हिरवे गाऊन, बारा. मोठ्या चादरी, सहा. दोन नंबरचं थिएटर, आत्ता.

मग डॉक्टर वेगळ्याच आवाजात म्हणाले, नाही, तीन नंबर. दोन मीच म्हणालो, चूक माझी. पेशंट तीनमध्ये टेबलावर आहे. थँक यू.

दोन नंबरचं थिएटर दुसऱ्या इमारतीत, तेही त्या दिवशी कुलूपबंद. ट्रॉली तिकडे गेली असती तर टेबलावरच्या माणसाचं काय झालं असतं, याचा विचार मावशींनी ट्रॉली पोचल्यावरच केला, आणि मग मात्र स्टुलावर बसून पाणी मागितलं. संध्याकाळी मॅनेजरसाहेब खाली आले. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, की या हॉस्पिटलात नीट ऐकणारं एकच माणूस आहे आणि ते तळघरात बसतं. मावशी कायमच्या इन्चार्ज झाल्या.

शेवटच्या दिवशी ऑपरेटरबाईंच्या खोलीत चहा झाला. भाषणं झाली, मॅनेजरसाहेबांचं जरा लांबलंच. मग मावशी उठल्या. तीन वाक्यं इंग्रजीत म्हणाल्या, न अडखळता. चौथ्याला मात्र आपल्या भाषेवर आल्या.

"बाई, आजवर मी सगळ्यांना हो म्हणत आले. मला कळलं नाही, असं म्हणायची हिंमत तुम्ही दिलीत. तुमचे उपकार मी विसरायची नाही. आता काय ऐकलंत ते परत सांगा."

सगळे हसले. बाईंनी तोंड उघडलं. चौतीस वर्षांत ज्यांचा आवाज कधी अडला नव्हता, त्यांच्या गळ्यातून शब्द फुटेना. डोळे भरून आले, आणि त्यांनी नुसती मान डोलावली.

मावशींनी ऍप्रनच्या खिशातून चिमटा काढला आणि बाईंच्या कॉलरला लावला. बाईंनी तो काढला नाही. फाटकापर्यंत मावशी सोबत गेल्या, आणि बाई तो चिमटा तसाच लावून घरी गेल्या.