साडूचा दुसरा गिअर

गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट काढून मी जुनं तेल घमेल्यात सोडलं, अगदी शेवटचा थेंब निथळेपर्यंत थांबलो, आणि मग नवं तेल भरायचा बाजूचा बोल्ट उघडायला गेलो. तो हलेना. पाना घसरला, बोल्टचे कोपरे गोल झाले, माझं बोट सोलवटलं. आता देवासला आमच्या दारात एक पिकअप उभी होती, जिचं पोट रिकामं होतं आणि तोंड उघडत नव्हतं. अशी गाडी गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा न्यायची सोय नाही. आणि सकाळी सासूबाईंना आणायला धारला जायचं होतं.

सासूबाई चातुर्मासात परक्या भांड्यात शिजवलेलं खात नाहीत. म्हणजे चार महिने त्या ज्याच्याकडे राहणार, त्याच्याकडे त्यांचा पाटा-वरवंटा, शेगडी, पितळी डबे, पाट, तुळशीची कुंडी, सगळा संसार जातो. आजवर त्या दर चातुर्मासात धारलाच थोरल्या मुलीकडे, म्हणजे माझ्या साडूकडे राहिल्या. यंदा पहिल्यांदाच त्यांनी आमचं नाव घेतलं होतं. त्यांना माझ्या गाडीतून, माझ्या शेजारी बसवून आणायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मोठी हौस म्हणा, नाहीतर जळफळाट म्हणा.

कारण साडूचीही पिकअप आहे. तीच कंपनी, तेच साल, रंगसुद्धा तोच. आम्ही दोघांनी एकाच आठवड्यात घेतल्या होत्या. त्याची बाग गावाहून छापील कापडाचे गठ्ठे आणते, माझी लग्नाच्या मांडवाच्या खुर्च्या वाहते. पण त्याचा दुसरा गिअर दोन बोटांनी पडतो. लोण्यात सुरी जावी तसा. माझा दुसरा गिअर टाकताना असा खडखडतो की रस्त्यावरची माणसं मागे वळून बघतात, आणि खड्डा आला की दांडा आपण होऊन सुटतो. म्हणून मी तो डाव्या गुडघ्याने दाबून धरतो. सासूबाई एकदा माझ्या गाडीत बसल्या होत्या. घाटाबिल्लोदच्या चढावर मी गिअर बदलला तेव्हा त्यांनी डोळे मिटून "श्रीराम" म्हटलं. साडूच्या गाडीत मात्र त्या झोपतात. ही गोष्ट बायकोने मला कौतुकाने सांगितली होती. मला तेव्हापासून ती टोचते आहे.

तर बोल्ट हलेना, आणि नेमका साडू देवासला एका दुकानात कापड उतरवायला आलेला. बायकोने मला न विचारता फोन केला. तो आला. दारात गाडी लावली तर आवाज नाही. फाटक वाजलं तेव्हा कळलं. घमेल्यातलं तेल बघितलं, माझं बोट बघितलं.

"अरे भिया," तो म्हणाला, "पहिले बाजूचा उघडून बघतात, मग खालचा!"

"ठाऊक आहे."

"मग?"

"विसरलो."

"जेवायला बसल्यावर आधी तोंड उघडतोस की नाही?"

बायको खिडकीत हसली. मला वाटलं होतं तो हातोडा घालेल आणि बोल्ट पार तोडेल, आणि खरं सांगतो, मला त्यात थोडं समाधानही मिळालं असतं. पण त्याने बायकोकडून उकळतं पाणी मागून घेतलं, बोल्टच्या भोवतीच्या पेटीवर हळूहळू ओतलं, हातोडीने टकटक केलं, आणि आधी किंचित आवळला. आवळला! उघडायचा बोल्ट! मी तोंड उघडणार तोच बोल्ट कटकन बोलला आणि सैल झाला.

मग आम्ही दोघे शेजारी शेजारी उताणे पडून पाइपने तेल भरलं, भोकातून बाहेर ओघळेपर्यंत. दांड्याच्या तळाची प्लास्टिकची वाटी झिजून बांगडीसारखी झाली होती; ती त्याच्याकडे नवी होती. त्याच्याकडे असतेच. "खडखड याच्यामुळे होती रे," तो म्हणाला. "इतकी वर्षं गुडघ्याने चालवलीस?"

मी गल्लीत चक्कर मारली. दुसरा गिअर पडला. गुडघा रिकामा राहिला, त्याचं काय करावं समजेना. गाडी सुधारली याचा आनंद मला व्हायला हवा होता. पण ती त्याच्या हाताने सुधारली, हे दर गिअरला आठवत होतं.

साडू रात्री आमच्याकडेच राहिला, आणि सकाळी दोघे आपापल्या गाडीने धारला पोचलो; हिशेबाला त्याला दुपारी पुन्हा देवासच्या दुकानात यायचंच होतं. माझ्या गाडीत पाटा, शेगडी, कुंडी, डबे चढले. मी पुढची सीट पुसली, उशी ठेवली, दार उघडून उभा राहिलो. सासूबाई आल्या, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि साडूच्या गाडीत जाऊन बसल्या.

"सामान नीट आणा हो, देवासवाले," म्हणाल्या. साडूला त्या जावईबापू म्हणतात. मला देवासवाले.

सबंध रस्ता मी त्या गाडीच्या मागे होतो. बेटमा गाव मागे पडलं तरी माझे गिअर इतके सुंदर पडत होते की कोणाला तरी दाखवावेसे वाटत होते, आणि शेजारी होती ती उशी. पुढच्या गाडीच्या मागच्या काचेतून सासूबाईंचा अंबाडा दिसत होता. तो डुलत होता का, हे मी बघत होतो. डुलत नव्हता. उलट साडू दोनदा रस्त्याच्या कडेला थांबला, हात बाहेर काढून मला पुढे ये म्हणाला आणि पुन्हा निघाला. मला वाटलं, मुद्दाम करतोय.

देवासला उतरल्यावर सासूबाई तडक माझ्याकडे आल्या. "अहो, मागून खडखडच ऐकू येईना! म्हटलं राहिलात की काय कुठे. दोनदा गाडी थांबवायला लावली जावईबापूंना. डोळा म्हणून लागला नाही माझा."

साडूचा चेहरा पडला होता. "माझ्या गाडीत पहिल्यांदा जागल्या या," तो मला हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात जे होतं ते मी चांगलं ओळखतो. पाटा उतरवताना मला तो हलका लागला.

तो गेल्यावर मी बायकोला सगळं रंगवून सांगितलं. त्यांना माझी किती काळजी, वगैरे. तिने डाळ निवडता निवडता ऐकून घेतलं.

"आईला जिजाजींच्या गाडीत मीच बसायला सांगितलं होतं, फोनवर," ती म्हणाली. "ती शेजारी असती तर तुम्ही दर गिअर टाकून तिच्या तोंडाकडे बघितलं असतं. रस्त्याकडे कोण बघणार होतं?"