खाडीचा तक्ता

आमच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असायची. नव्वद सालाच्या पुढेमागे दीडेक वर्षं, त्या शुक्रवारच्या दुपारी आम्ही तिघं कोपरीत माझ्या घरी, उजेडासाठी दाराशी सतरंजी टाकून, एक खेळ खेळायचो. तिघं एकाच कारखान्यातले.

खेळाचं इंग्रजी पुस्तक आणि फासे एकाच्या बोटीवर नोकरीला असलेल्या मामाने परदेशातून आणलेले. हा मित्र डोंबिवलीचा, आमच्याकडे ड्राफ्ट्समन. या खेळात पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि त्या माणसांना एखादं काम जमलं की नाही ते फाशावर ठरायचं. पुस्तकातले राक्षस आम्ही पहिल्याच महिन्यात काढून टाकले आणि गोष्ट आपल्या खाडीवर आणली, जुन्या किल्लेदारांच्या काळात. सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी स्टोअरमध्ये कारकून, लिहायची सवय होती, म्हणून.

तिसरा मित्र फिटर, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. त्याने गोष्टीतला नावाडी घेतलेला, आणि तो नावाडी त्याच्या तोंडून असा काही बोलायचा की मी सांगायचं विसरून ऐकत बसायचो.

सुरुवातीला नियम चार पानांत मावत. मग ड्राफ्ट्समनने विचारलं, "अरे, माणूस एवढा वेळ तलवार चालवतो, दमत नाही?" दमण्याचा नियम आला. मग तहानेचा, मग जखम किती दिवसांत भरते त्याचा. तो सुंदर, रेघ न हललेले तक्ते करून आणायचा, आणि त्याचं चुकायचं नाही. म्हणून मी नाही म्हणायचो नाही. दहा मिनिटांची मारामारी दोन शुक्रवार चालायला लागली. आठवडाभर कारखान्यात कागद, सुट्टीच्या दिवशीही कागद. गोष्ट कुठे आलीय हेच माझ्या लक्षात राहीना.

शेवटी त्याने खाडीचा तक्ता केला. भरती, वारा, होडीतलं वजन. सगळी माहिती फिटरलाच विचारून. त्यानेही न कंटाळता सांगितलं, पाणी कुठे ओढतं, कुठे भोवरा धरतं.

"तुम्ही एवढं बघून निघता?" मी विचारलं.

"कोण बघतंय रे? बापूस पाण्याकडे बघतो नि निघतो."

पुढच्याच महिन्यात त्याचा नावाडी भरल्या होडीने, उलट्या वाऱ्यात निघाला. फासा वाईट पडला. ड्राफ्ट्समनने तक्त्यावर बोट ठेवलं.

"होडी उलटली. तिथे पाण्याला ओढ आहे. बुडाला."

"पोहतो की तो," फिटर म्हणाला.

"धरलंय ना पोहणं. धरूनच सांगतोय."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मला एवढंच हवं होतं की हे संपावं. मी म्हटलं, "तक्त्यात आहे तसं धरू या."

फिटर भांडला नाही. त्याने पेन्सिल ठेवली, चहा पूर्ण प्यायला आणि गेला. पुढचे चार शुक्रवार आला नाही. कारखान्यात भेटला की कामाचं बोलायचा, बस.

पाचव्या शुक्रवारी मी त्याच्या घरी गेलो. अंगणात जाळं शिवत बसलेला. मी म्हटलं, "चुकलंच आमचं. तक्ता चुकीचा असेल."

"नाय रे. बरोबर आहे तक्ता." तो गाठ मारत राहिला. "माझा काका अस्साच गेलेला. भरलेली होडी, उलटा वारा. पोहणारा माणूस. तक्त्यासाठी त्याने विचारलं तेव्हा मी काकाचंच आठवून सांगत होतो." मग वर बघून म्हणाला, "खेळात तरी तरेल, असं वाटलेलं."

मीही जाळ्याचं एक टोक धरून बसलो.

घरी येऊन सगळे तक्ते बांधून माळ्यावर टाकले आणि एका पानावर नवे नियम लिहिले. फिटर आला. मी विचारलं, "नावाडी वाचला असं धरायचं?"

"नको. मेला तो मेला," म्हणाला, आणि या वेळी त्याने कुंभार घेतला.

ड्राफ्ट्समनला मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला काय माहीत रे." दोन-तीन शुक्रवार तो त्या एका पानावर खेळलाही, पण त्याचं मन लागेना. "काहीही केलं तरी चालतंय यात. पडण्याची भीतीच नाही," म्हणाला. तेही खोटं नव्हतं. मग त्याचं येणं कमी झालं, पुढे त्याला पुण्याला नोकरी लागली. दोघांत खेळ होईना.

वाईट वाटलं. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्यानंतरच्या शुक्रवारी जेवून जो आडवा झालो तो आईने चहाला हाक मारली तेव्हाच उठलो.