गच्चीवरच्या शेवया

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या गच्चीवर या शेवया कुणाच्या? त्याची हकीकत सांगते.

लातूरच्या आपल्या घरामागच्या गल्लीतल्या बायका दालमिलमध्ये डाळ निवडायला जातात. त्यांतल्या एकीनं मुकादमाकडे बायकांसाठी संडास मागितला आणि तिचं काम बंद झालं. ती विधवा, घर तिच्याच मजुरीवर. युनियनची कार्यकर्ती म्हणाली, सगळ्या जणी सभासद होऊन एकदम गेल्या, तरच मालक तिला परत घेईल. पण सभा घेतली की मुकादमाला कळणार. म्हणून गल्लीतल्या चारचौघींनी ठरवलं, संक्रांत आहे, हळदी-कुंकवाच्या नावानं माझ्या गच्चीवर जमायचं.

मी सतरंज्या अंथरल्या, वाण आणलं. आल्या मोजक्याच. मुसलमान बायका नाहीत, विधवा नाहीत. जिच्यासाठी हे सगळं, ती खाली फाटकापाशीच थांबलेली. मी वर बोलावलं, तर म्हणाली, "हळदी-कुंकवाला मी कशी येऊ, बाई? तुमीच सांगा."

हे आमच्यापैकी एकीलाही सुचलं नव्हतं.

पुढे उन्हं तापायला लागली, रमजान सुरू झाला. तोवर ती मिळेल त्या शेतात रोजानं जात होती. एके दिवशी शिंप्याच्या घरची भाभी मला म्हणाली, "शेवयाला बोलवा की, बाई. आमची ईद हाय, तुमच्याबी वर्साच्या करायच्याच हायत. शेवयाला कोन न्हाई म्हनतंय?" मुकादम आला तर त्यालाही पीठ मळायला बसवू, असंही ती म्हणाली.

सुट्टीच्या दुपारी गच्ची भरून गेली. शेवया दोऱ्यांवर पडत गेल्या आणि बायका एकेक करून युनियनच्या सभासद झाल्या. या वेळी ती मधोमध बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या तिला घेऊन मिलच्या फाटकावर गेल्या. ही आत येत नसेल, तर आम्हीही निवडायला बसत नाही, असं त्यांनी मुकादमाला सांगितलं. इकडे माझं कशात लक्ष लागेना. आवरलेलंच कपाट मी पुन्हा आवरलं. दुपार झाली तरी कुणी परतलं नाही, म्हणजे सगळ्या कामाला बसल्या असणार, तेव्हा जरा धीर आला.

संध्याकाळी ती आली. केसांवर डाळीची भुकटी होती.

"घेतलं, बाई. संडासाचंबी काम काढतो म्हनले."

मी पायरीवरच बसले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! मग तिला म्हटलं, तुझ्या वाटच्या शेवया वर वाळल्यात, घेऊन जा.

"राहू द्या की. आयतवारी नेते. आता मला येळ कुटं हाय?"

त्या तिच्या आहेत.