सायप्रस बाउलचे पाहुणे

डिसेंबर उजाडला की अलाबामातल्या टॅलिसबरी गावात अर्नेस्टीन मॅपच्या घरी लगीनघाई सुरू व्हायची. नाताळची नव्हे, सायप्रस बाउल नावाच्या सामन्याची. हंगाम संपला की दोन दूरच्या कॉलेजांचे फुटबॉल संघ गावात पाहुणे म्हणून यायचे, एकच सामना खेळायचे, आणि आदल्या संध्याकाळी चर्चच्या सभागृहात अर्नेस्टीनच्या हातचं जेवायचे. तळलेला कॅटफिश, कोलार्डच्या पाल्याची भाजी, मक्याचा पाव. तिला मूलबाळ नव्हतं. त्या एका संध्याकाळी मात्र तिचा आवाज अख्ख्या सभागृहात घुमायचा, "ए लांबुळक्या, ताटात टाकायचं नाही हं!"

यंदा सामना भरवणाऱ्या समितीचे हॉलिस टार्व्हर दारात आले, ते टोपी हातात घेऊनच.

"बाई, यंदा सामना नाही."

"नाही म्हणजे?"

"बोलावलेले दोन्ही संघ येत नाहीत. एकाला प्लेऑफमध्ये, म्हणजे देशाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यांत, घेतलं नाही म्हणून तो रुसलाय. दुसऱ्या संघाची निम्मी पोरं कॉलेज बदलून गेली."

"जेवायला बोलावल्यावर कुणी रुसतं होय?"

"प्लेऑफमध्ये आणखी संघ घ्यायचं चाललंय. मग आपल्याला कोण विचारतंय?"

ते गेल्यावर तिनं ओट्यावर काढलेलं मक्याचं पीठ पुन्हा डब्यात भरून ठेवलं.

त्याच आठवड्यात ड्वेन किट्रेलचा फोन आला. फार वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका संघातून तो इथं खेळला होता. तेव्हा त्याची आई नुकतीच वारली होती. जेवता जेवता उठून तो स्वयंपाकघरात आला आणि अर्नेस्टीनच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. तेव्हापासून दर नाताळला त्याचा फोन ठरलेला. आता तो टेनेसीत प्रशिक्षक होता, त्याचा संघ प्लेऑफमध्ये पोचला होता.

"मावशी, तिकिटं ठेवलीत. यायचंच."

धाकटी नणंद लवाडा गाडी चालवायला तयार झाली. मैदान एवढं प्रचंड, की अर्नेस्टीनला ड्वेन मुंगीएवढा दिसत होता. त्याचा संघ हरला.

सामन्यानंतर तो फाटकापाशी आला. डोळे लाल झाले होते.

"पोरं जेवली का रे?" तिनं आधी तेच विचारलं.

"घास उतरत नाहीये कुणाच्या घशाखाली. या प्लेऑफात मावशी, एक सोडून सगळे रडतच घरी जातात."

"आमच्याकडेही तू हरलाच होतास की."

"हरलो होतो. पण परतताना बसमध्ये आम्ही गात होतो." त्यानं मागं वळून आपल्या पोरांकडे पाहिलं. "या पोरांना तसलं काही मिळायचं नाही आता."

कुणीतरी त्याला हाक मारली. त्यानं तिला घट्ट मिठी मारली आणि धावत गेला.

परतीच्या वाटेवर लवाडानं विचारलं, "वहिनी, गप्प का गं?"

"त्या सगळ्यांना घरी न्यावंसं वाटलं."

"या गाडीत? माझी टायरं बसतील!"

दोघी हसल्या. मग अर्नेस्टीननं खिडकीकडे तोंड वळवलं, आणि लवाडानं रेडिओ लावला नाही.

सामन्याच्या आदला, जेवणाचा नेहमीचा शुक्रवार आला. गावानं खांबांवर पाहुण्या संघांच्या रंगांच्या पताका लावल्या नव्हत्या. अर्नेस्टीननं सकाळी चर्चचं सभागृह उघडलं, लांब टेबलं पुसली, आणि पुसून झाल्यावर एका खुर्चीत बसून राहिली. दुपारी लवाडा शोधत आली, तेव्हाही ती तिथंच होती.

"कुणी यायचंय का?" लवाडानं हळूच विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "बस थोडा वेळ."