मुठी मारणारं प्रवाळ

साहेबराव पहिल्यांदा माझ्या घरी आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, चपला काढल्या, माझा हात हातात घेतला आणि हुंगला. मी तेव्हा बासष्ट वर्षांची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, आणि दार सताड उघडं. समोरच्या फ्लॅटमधल्या कुलकर्णीबाई दूध घ्यायला बाहेर आलेल्या. त्या दिवसापासून मुकुंदवाडीत माझ्याविषयी जे काय बोललं गेलं, त्याची सुरुवात ही अशी आहे.

"क्रीम लावलंय," साहेबराव म्हणाले. "धुवा. कोपरापर्यंत. साबण नको."

"का म्हणून?"

"टाकीत हात घालणार ना? मग धुवा."

साहेबराव शहराबाहेरच्या शेंद्र्याचे. एका कारखान्यात पाणी शुद्ध करायच्या प्लांटवर उभी हयात काढून निवृत्त झालेले. घरात त्यांनी समुद्र पाळला होता. हो, पाळलाच. चार फुटी काचेची टाकी, तिच्यात मिठाचं पाणी, जंतू वाढलेले 'जिवंत' दगड, मासे आणि प्रवाळ. समुद्रापासून एवढ्या लांब, उन्हाळ्यात कौलं तडकतात अशा गावी. मला त्यांचा नंबर मासे विकणाऱ्या दुकानदाराने दिला, तोही सुटका करून घेण्यासाठी. मलाही घरात असाच समुद्र हवा होता आणि त्यासाठी मी रोज जाऊन त्याचं डोकं खात होते.

मी म्हणजे तेव्हाची ती बाई. तिच्याविषयी मला फार काही चांगलं लिहिता येणार नाही. तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेली. समुद्राच्या हजार भाग पाण्यात पस्तीस भाग मीठ, हे पोरांकडून घोकून घेतलेली आणि समुद्रात कधी घोट्याच्या वर न गेलेली. तिला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. टाकी आली त्याच दिवशी तिला मासे हवे होते.

साहेबराव भडकले. ते नेहमीच भडकायचे. भडकण्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. "पाणी पिकलं नाय अजून! कच्च्या पाण्यात जीव सोडता? घाई असंल तर भिंतीवर समुद्राचं चित्र लावा अन् बसा बघत!"

पाणी पिकणं हा त्यांचा शब्द. मीठ मिसळलेलं पाणी भरायचं, वाळू आणि दगड ठेवायचे, पंप सुरू करायचा आणि महिना-दीड महिना नुसतं थांबायचं. तेवढ्या काळात दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू वाढतात आणि पाण्यातलं विष खातात. तोवर रिकाम्या टाकीपुढे बसून मी चहा प्यायची. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसलेल्या गावात ही बाई डब्याडब्याने शुद्ध पाणी काचेत ओतते, यावर इमारतीत सभा भरल्या. साहेबरावांनी तिथेही आवाज चढवला. शुद्धीकरणाच्या यंत्रातून जे पाणी वाया जातं ते त्यांनी नळीने सगळ्यांच्या जिन्याच्या धुण्याला लावून दिलं आणि वर खडसावलं, "आता जिना घाण दिसला तर मला सांगा!"

पाणी तपासायच्या बाटल्या होत्या, थेंब टाकले की रंग बदलायचा. मी नुसतं टाकीकडे बघून म्हणायची, "छान नितळ आहे हो." ते कपाळाला हात लावायचे. "नितळ दिसणं आन् चांगलं असणं येगळं, बाई. रंग बघा. डोळ्याला काय बी दिसतंय."

मग गोगलगायी आल्या, मग नारंगी पट्ट्यांच्या माशांची जोडी. आणि एका सकाळी साहेबराव गुडघा धरत दोन मजले चढून प्लॅस्टिकचा डबा घेऊन आले. डब्यात एका दगडाच्या चकतीवर फिकट गुलाबी, बाळाच्या पंज्यांसारखं प्रवाळ. ते दिवसभर मुठी उघडतं आणि मिटतं; साहेबराव त्याला 'मुठी मारणं' म्हणायचे. त्यांच्या टाकीतल्या अकरा वर्षं वाढवलेल्या झुपक्याचा तो तुकडा होता.

"माझ्याकडं काय झालं तर हे तुमच्याकडं राहील," ते म्हणाले. "अन् तुमच्याकडं काय झालं तर त्याच दिवशी फोन करा. मी दुसऱ्या कुणाकडं तुकडा ठेवीन. कळलं?"

त्या बाईने मान हलवली. तिला वाटलं, भेट मिळाली. तिने त्यांच्या हातावर पेढा ठेवला. त्यांनी तो खाल्ला आणि पुन्हा विचारलं, "कळलं का?"

पुढच्या महिन्यात भिशी माझ्याकडे होती. बारा बायका येणार, टाकी बघणार. आदल्या दिवशी मी हौसेने वाळू उकरून साफ केली आणि पाणी ताकासारखं गढूळ झालं. थांबलं असतं तर दोन दिवसांत निवळलं असतं. पण दोन दिवस कुणाकडे होते? आमच्याकडे पाणी गढूळ आलं की काय करतात? तुरटी फिरवतात. माझी आई रांजणात फिरवायची, मी पिंपात फिरवते, या शहरात प्रत्येक घरात मोरीच्या कोनाड्यात तुरटीचा खडा असतो. मी बाही वर केली आणि समुद्रात तुरटी फिरवली.

पाणी काय निवळलं म्हणता! बायका थक्क झाल्या. "अगं, आरसाच की!" कुणाच्या लक्षात आलं नाही की प्रवाळाने मुठी मिटल्या आहेत. मी म्हणाले, झोपलंय. चौथ्या दिवशी ते गळून चिकट झालं. मासे कसेबसे वाचले. मी तो लगदा चमच्याने काढला आणि केराच्या टोपलीत टाकला.

फोन केला नाही.

त्याच सुमाराला साहेबरावांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घराबाहेर पडणं बंद. फोन मात्र त्यांचाच यायचा. "मुठी मारतंय का?"

"मारतंय की!" ती बाई म्हणायची. पुढच्या खेपेला त्यांचा आवाज जरा थकलेला वाटला, तर तिने आणखी सजवलं. "बाजूच्या दगडावर दोन पोरं झालीत."

"आं? मंग तर झक्कास!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना खूश झालेलं ऐकलं. "जालन्याचा एकजण मागतोय तुकडा. म्हणलं, आता कशाला? बाईंकडं हाय की."

हे ऐकूनही तिने तोंड उघडलं नाही. तिचं मुस्काट फोडावंसं मला आज वाटतं.

मे महिन्यात शेंद्र्याचा ट्रान्सफॉर्मर जळाला. दोन दिवस वीज नाही, इन्व्हर्टर संपला, पाणी तापलं. अकरा वर्षांचा समुद्र दोन दिवसांत सडला. तिसऱ्या दिवशी साहेबराव काठी टेकत माझ्या दारात उभे. हातात रिकामा डबा.

टाकीसमोर ते काठीवर वाकले. "कुठंय?"

"दगडामागे असेल," मी म्हणाले. तेव्हासुद्धा!

त्यांनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतला. टाकीत घातला. एकेक दगड उचलून उलटा करून बघितला, सगळे, आणि जागच्या जागी ठेवला. मग हात न पुसता वळले. "कवा मेलं?"

"फाल्गुनात."

"कशानं?"

"तुरटी."

त्यांनी बोटांवर महिने मोजले. नंतर जो आवाज लावला तो रिक्षास्टँडपर्यंत गेला. "मेल्याचा राग नाय मला, बाई! माझ्या हातानं लई मेलंय. पण तुम्ही मला पोरं झाली म्हणलात! त्या पोरांच्या भरवशावर मी जालनेकराला नाय म्हणलं! त्याच दिवशी बोलला असता तर आज कुठंतरी जितं असतं ते! अन् तुम्ही लेकरं शिकवली? काय शिकवलं त्यांना?"

डबा तसाच घेऊन, दाराला ओला हात टेकत ते बाहेर पडले आणि जिना उतरले. काठीचा आवाज प्रत्येक पायरीवर.

इथे मला स्वतःचाच राग आला असं लिहिलं तर शोभेल, पण ते खोटं होईल. मला त्यांचा राग आला. चारचौघांत माझी अब्रू काढली म्हणून. कुलकर्णीबाईंना मी म्हणाले, "एका किड्यासाठी एवढं?" आणि दारावरची ओल्या हाताची खूण फडक्याने पुसताना, ती पुसली जाईना म्हणून, मी फडकं आदळून तिथेच रडत बसले. स्वतःचा राग तेव्हा सुरू झाला तो अजून गेलेला नाही.

चार महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, फोन. ना नमस्कार, ना चौकशी.

"काय मेलं?"

"एक गोगलगाय," मी म्हणाले.

"कशानं?"

"मीठ जास्त झालं. उडालेल्या पाण्याच्या जागी मी खारंच पाणी घातलं."

"गाढवपणा." आणि फोन बंद.

त्यानंतर दर रविवारी हाच प्रश्न. काही मेलं नसेल तर त्यांना विश्वास बसायचा नाही, दहा उलटे प्रश्न विचारायचे. मला क्षमा केली असं ते कधी म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. सव्वापाच वर्षं मी त्या माणसाला एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. नवऱ्याच्या बाबतीतही मला असं म्हणता येत नाही.

गेल्या पौषात एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी कळलं, साहेबराव गेले.

शेंद्र्याला त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. ओसरीवर बायका बसलेल्या. आत भिंतीला ती चार फुटी टाकी होती, काठोकाठ ज्वारीने भरलेली. त्यांनी पुन्हा पाणी भरलंच नव्हतं. मी बघत उभी राहिले. त्यांची बायको कौसाबाई कोपऱ्यातून म्हणाली, "तुम्ही कोण?"

मी नाव सांगितलं. मुकुंदवाडी म्हटलं.

"अगं बया! ह्याच बाईंनी मारलं ते," तिने बाकीच्या बायकांना सांगितलं. एकीने आपलं नातवंड जवळ ओढलं.

कुणीतरी माझी बाजू घ्यायला म्हणालं, "चुकून झालं असंल, कौसाबाई."

"मरणं चुकून झालं," मी म्हणाले. "खोटं मी मुद्दाम बोलले. तीन महिने."

कौसाबाईने माझ्याकडे बघितलं. रडून डोळे सुजलेले, आणि तरी त्यात तोच जाळ, साहेबरावांचा. मग तिने आपल्या शेजारची सतरंजी हाताने झटकली.

"बसा," ती म्हणाली. "आन् ह्या रविवारचं सांगा. काय मेलं?"